‘इं. ब.’ म्हणजे काय? सांगलीतल्या एका डुक्कर फियाटचं प्रकरण

गाडी फियाट ११००, म्हणजे जिला आपल्याकडं सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती. नाकच तसं आहे, त्याला इलाज नाही. आज्जीला मात्र हा शब्द चालत नाही; नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या गाडीला असलं नाव कसलं ठेवताय, असं तिचं म्हणणं. तात्या, म्हणजे माझे आजोबा, नुसतं ‘गाडी’ म्हणायचे. त्यांची हळदीची अडत होती. गाडी २००३ पर्यंत पळत होती. तात्या २०१६ साली गेले. वाटणीत जमीन, दागिने, वाडा यांवर रीतसर बोलणी झाली. गाडीचा विषय कुणी काढलाच नाही, म्हणून ती आमच्याकडं राहिली.

मग आला ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात लोकांनी २००५ च्या पुराची खूण धरून सामान त्याच्या वर ठेवलं होतं, ते सगळं बुडालं. गाडी तर टपासकट बुडाली. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर सीटवर गाळ बसलेला, आणि तो सायीसारखा सपाट. तेव्हा घर धुवायचं होतं, गाडीकडं कोण बघतो? बघायला २०२३ चा जानेवारी उजाडला.

हे प्रकरण तपशिलानं लिहितेय, कारण पहिले पाच महिने मी चुकीच्या इंजिनाचे पार्ट शोधत होते. आणि ती चूक उघडकीला आली हमालीच्या बारा रुपयांमुळं.

गाडी नेमकी कोणती

घरात सगळे सांगायचे, ‘आपली बावन्नची गाडी.’ मीही सगळीकडं तसंच सांगत सुटले. पुण्याच्या जुन्या बाजारात (तो रविवारी आणि बुधवारी भरतो) एका म्हाताऱ्या दुकानदारानं माझ्याकडं न बघताच सांगितलं, “बावन्नला ही गाडी जन्मलीच नव्हती.” त्याचं बरोबर होतं. फियाटनं हे मॉडेल, कारखान्याच्या भाषेत ११००/१०३, जिनीव्हाच्या प्रदर्शनात १९५३ साली पहिल्यांदा मांडलं. इटालियनमध्ये अकराशेला ‘मिल्लेचेंतो’ म्हणतात, म्हणून तिकडं तिचं नावच ते. आपल्याकडं वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती १९५४ पासून कुर्ल्यात जोडायला घेतली. (सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच हे वालचंद. कॉलेजवरून रोज जाणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं, मला नव्हतं.)

आरसी बुक पुरात भिजून पापडासारखं झालं होतं, पण पहिलं पान वाचता येत होतं. त्यावर १९५६. मागची डिकी गोल, तिच्यावर पंखासारखे कल्ले नाहीत. इटलीत १९५७ च्या अखेरीस डिकी लांबवून कल्ले दिलेलं मॉडेल आलं, त्याच्या आधीची ही. पुढची दारं उलटी उघडणारी, बिजागरी मधल्या खांबाला. चासी नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर होता, तो आरसीशी ताडून बघितला, जुळला. मी खूश. इंजिन नंबर गाळाच्या आणि ग्रीसच्या खपलीखाली होता. तो मी बघितला नाही. चासी जुळली म्हणजे सगळं जुळलं, असं धरून चालले. द्राक्ष-बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते मी. एक बाजू जुळली म्हणून ताळेबंद सही करणारा माणूस आमच्याकडं एक दिवस टिकणार नाही. गाडीच्या बाबतीत मात्र मी तेच केलं.

मिस्त्री कसा निवडला तेही सांगते. तीन ठिकाणी गाडीचे फोटो दाखवले. पहिले दोघं म्हणाले, बॉडी उचलू, खालची चासी ब्लास्ट करून रंगवू, परत बॉडी बसवू. तिसरे मिरजेचे, सत्तरीचे. त्यांनी फोटो दूर धरून विचारलं, “हिला चासी कुठाय ताई?” या गाडीला वेगळी चासी नाहीच, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा, सगळं वजन तिच्यावर. म्हणजे दाराखालचा पत्रा कुजला तर ती नुसती दिसण्याची बाब राहत नाही, गाडी मधोमध वाकते. त्या पोकळ पत्र्याच्या आत पुराचा गाळ चार वर्षं ओल धरून बसला होता. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि ते आत गेलं, पुठ्ठ्यात जावं तसं. इथं लांबी (पुट्टी) भरून चालत नाही, सडका पत्रा कापून १८ गेजचा नवीन जोड मारावा लागतो. आणि त्याआधी दारांना आतून आधार द्यायचा, नाहीतर कापल्यावर दारंच बसत नाहीत. काम त्यांनाच दिलं.

पाच महिने कुठं गेले

इंजिन जाम होतं. प्लग काढून डिझेल सोडलं, आठ दिवस ठेवलं, हललं नाही. गिअरबॉक्सचा नट सोडला तर ऑइलच्या जागी ताक आलं, म्हणजे पाणी मिसळून पांढरं झालेलं ऑइल. डिफरन्शियलमध्येही ताकच. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. पाण्याच्या वाटांच्या कडा पार खाल्लेल्या.

मी १९५६ च्या इंजिनाचा शोध सुरू केला. इटलीत या गाडीचे रबर, गॅस्केट, काही धातूचे भाग आजही बनतात. तिकडचं पार्ट कॅटलॉग हाताशी आलं. भाषा कळली नाही तरी चालतं, आकृत्यांवर नंबर असतात. ‘ग्वार्नित्सिओने’ म्हणजे गॅस्केट एवढं पाठ झालं. एक इशारा मात्र इथंच देते: इटलीतली गाडी डाव्या स्टिअरिंगची, आपली उजव्या. स्टिअरिंग बॉक्स, पेडल, वायपर, डॅशबोर्ड यांपैकी काहीही तिकडून डोळे झाकून मागवू नका. दारांचे रबर मी मागवले ते बसले, कस्टम भरताना मात्र डोळ्यांत पाणी आलं. देशातल्या एका विक्रेत्यानं ‘ओरिजिनल डुक्कर बंपर’ म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि त्याच कंपनीच्या नंतरच्या पद्मिनीचा पाठवला. तो अजून माळ्यावर आहे.

इंजिनाचे भाग मात्र हाती लागेनात. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, वॉटर पंप. जे मिळत होतं ते परवडणारं नव्हतं. प्रीमियरनं पुढं हीच गाडी सुधारत १९६४ पासून ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’, मग ‘पद्मिनी’ या नावांनी सन २००० च्या आसपासपर्यंत काढली. इंजिनाचं घराणं एकच: १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल). पण मधल्या वर्षांत बारीकसारीक बदल झालेले, सुरुवातीच्या इंजिनाला नंतरचे भाग जसेच्या तसे बसतीलच असं नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. म्हणून पद्मिनीच्या दुकानांकडं मी फिरकलेच नाही.

या काळात एक गोष्ट मात्र नीट शिकले. डायनॅमो खोलला, पुढच्या तोंडाचं बेअरिंग गंजून लाल झालेलं. ‘फियाटच्या डायनॅमोचं बेअरिंग द्या’ म्हणून चार दुकानं हिंडले. मिस्त्रींनी ते बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवलं, पुसलं, त्याच्या कडेवर पांढरा खडू आडवा घासला आणि बोटानं हलकं पुसलं. खोलगट अक्षरांत खडू अडकला आणि आकडे वर आले: ६२०३. कधीतरी कुणा मिस्त्रीनं बसवलेलं असणार. ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिलिमीटर, जगात कुठंही. शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानात ते बरणीत गोळ्या असाव्यात तसे पडलेले असतात. ऑइल सीलवरही तसंच, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी छापलेली. त्या दिवसापासून मी वहीत दोन रकाने केले: गाडीचा पार्ट, आणि नुसतं माप. दुसऱ्या रकान्यातलं जवळजवळ सगळं सांगली, कुपवाड आणि मिरजेत मिळालं, आणि गाडीचं नाव न काढता मागितल्यानं स्वस्तातही मिळालं.

रोजकीर्द

तात्यांच्या चोपड्या लाल बासनात बांधून माळ्यावर होत्या, म्हणून पुरातून वाचल्या. अडत्याची रोजकीर्द म्हणजे त्या घराची डायरीच असते. फक्त भावना तेवढ्या लिहिलेल्या नसतात. गाडीवरचा प्रत्येक आणा त्यात होता. मी १९६४ पासून, म्हणजे तात्यांनी ही गाडी जुनी घेतली त्या वर्षापासून, फियाटच्या नोंदी उतरवून काढल्या. टायर, बॅटरी, क्लच प्लेट. दर पौर्णिमेला ‘वाडी’: पेट्रोल, नारळ, अंकली चहा. हा अंकलीचा चहा शेकडो वेळा आला. सांगली सोडून पाच-सहा किलोमीटरवर यांना चहाची तलफ कशी येत होती, मला कळेना.

इंजिनाच्या दोन मोठ्या नोंदी होत्या. १९७१ ची: ‘फियाट इं. बो. मिरज – ३८०’. इंजिन बोअर, म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करणं, उघड आहे. आणि १९७९ ची: ‘फियाट इं. ब. – २१५०’. तात्यांचं अक्षर मोडीच्या वळणाचं, घाईत काना-मात्रा सुटायच्या. मी म्हटलं, पुन्हा बोअर. महागाई वाढली, दुसरं काय. फेब्रुवारीत मी ही नोंद वाचली आणि पुढं गेले.

जूनमध्ये एका संध्याकाळी तीच यादी एक्सेलमध्ये भरताना त्या नोंदीच्या खालच्या दोन ओळी दिसल्या. गाडीचं नाव नसल्यानं मी त्या आधी घेतल्याच नव्हत्या. ‘लॉरी भाडे मुंबई – ६५. हमाली – १२.’ बोअर करायला इंजिन मिरजेला जातं. मग मुंबईहून लॉरीनं आलं काय? आणि बारा रुपये हमाली लागावी इतकं जड? त्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्या मालाची मुंबईची आवक नव्हती, पुढची-मागची चार पानं तपासली. मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “‘ब’ म्हणजे बदल असंल की ओ. इंजिन बदललंय तुमच्या तात्यांनी.”

दुसऱ्या दिवशी ब्लॉकवरची खपली तारेच्या ब्रशनं काढली, पुन्हा तोच खडू. आरसीच्या पहिल्या पानावरच्या नंबराशी एकही आकडा जुळेना. ब्लॉक नंतरचा, प्रीमियरचा भारतीय, म्हणजे पद्मिनीचे भाग बसणारा. पाच महिने मी ज्या इंजिनाच्या मागं हिंडत होते ते १९७९ सालीच भंगारात गेलं होतं.

आनंद व्हायला हवा होता, पण आधी धडकी भरली. इंजिन बदललं की आरसीवर तशी नोंद लागते. ती नसेल तर ही गाडी कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी. आरसी बुकाची मागची पानं चिकटून एक झाली होती. ओल्या टीपकागदात रात्रभर ठेवलं, सकाळी पातळ पट्टी सरकवत सरकवत सोडवायला तासभर गेला. दुसऱ्या पानावरचा जांभळा शिक्का पुरात पार विरघळला होता, नुसता डाग. पण समोरच्या पानाला तो आधीच उमटलेला होता, उलटा. आज्जीचा हातआरसा आणला. आरशात सुलटं आलं: नवीन इंजिन नंबर, १९७९, सही. शेवटचे दोन आकडे अंधुक, बाकी ब्लॉकशी तंतोतंत. तात्यांनी कागद पुरा केला होता. अर्थात केला असणारच, हमालीचे बारा रुपये लिहिणारा माणूस तो.

कुर्ला

पुढचं काम मग इतकं पटापट झालं की त्याचा राग यावा. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. आम्ही नोव्हेंबरात कुर्ल्याच्या स्पेअरच्या बाजारात गेलो, म्हणजे जिथं कधीकाळी ही गाडी जोडली गेली त्याच कुर्ल्यात. एका दुकानदारानं पहिल्याच वाक्यात शहाणं केलं: “मॅडम, पद्मिनी बोला. डुक्करचं नाव काढू नका, नाव काढलं की भाव चढतो.” बोअर आधी मोजून नेला होता. त्यामुळं पुढच्या मापाचे पिस्टन, रिंगा, मेन आणि कनेक्टिंगचे बेअरिंग, वॉटर पंप, गॅस्केटचा सेट, ब्रेकची रबरं हे सगळं दीड दिवसात मिळालं. एकट्या पिस्टनसाठी परदेशातून जो भाव आला होता, त्याच्याहून हे सगळं मिळून कमी. हेडला मिरजेत आरगन वेल्डिंग करून फेसिंग मारलं.

पेट्रोलच्या टाकीतून गाळ काढायला तिच्यात मूठभर नट आणि रॉकेल घालून दोघांनी अर्धा दिवस हलवली. इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या मात्र जुन्या साठ्यातल्या मिळत असूनही घेतल्या नाहीत. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणजे उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाच्या मळीचं इथेनॉल तात्यांच्या गाडीचं रबर खाणार, यात कुणाला दोष द्यायचा? इथेनॉल सोसणारी नळी आजच्या गाड्यांच्या दुकानात मीटरवर मिळते. मापानं मागायची.

कागद

सगळ्यांनी सुचवलं, व्हिंटेज नोंदणी करा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ती सोय आहे: ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबरही ठेवता येतो; नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण दोन अटी आहेत. गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. आणि ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापरासाठी नाही. आमचं इंजिन बदललेलं, आणि आज्जीला वाडीला जायचंय. म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. नेहमीचं नूतनीकरण, पाच वर्षांसाठी, पर्यावरण कर भरून.

त्याआधी वारसानं नाव लावणं: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमतिपत्रं. हट्ट माझा, नाव बाबांचं. काकांनी सही फोनवर बोलता बोलताच कबूल केली. धाकट्या आत्यांनी दोन महिने लावले. शेवटी मीच कोल्हापूरला गेले, तर म्हणाल्या, “सही देते गं. पण तात्यांनी मला या गाडीवर शिकवलंय, पहिल्यांदा मी चालवणार.” हे आधी सांगितलं असतं तर प्रतिज्ञापत्रातच लिहिलं असतं. जुन्या हस्तलिखित रजिस्टरातली नोंद संगणकात चढवून घेणं, ज्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात, त्याला सगळ्यात जास्त खेपा पडल्या. त्यावर जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. तपासणीच्या दिवशी साहेबांनी इंजिन नंबर बघितला, आरसी बघितली, भुवई वर केली. मी पर्समधून आरसा काढला.

सध्याची स्थिती

डाव्या मागच्या दिव्याची काच अजून मिळालेली नाही. ट्रॅक्टर ट्रॉलीच्या दिव्याची काच घासून बसवली आहे, लांबून कळत नाही. स्पीडोमीटरचा काटा ४० च्या पुढं गेला की थरथरतो. रेडिएटर दोनदा धुऊन घेतला, पण पुराचा गाळ त्याच्या नळ्यांत असणारच, असं मिस्त्रींचं मत.

गेल्या पौर्णिमेला निघालो. चालवायला धाकट्या आत्या, शेजारी आज्जी, मागं मी आणि बाबा. अंकलीच्या पुलाअलीकडं बॉनेटमधून वाफ आली. आत्यांनी गाडी कडेला घेतली. मी घाबरून खाली उतरले, मिस्त्रींना फोन लावायला लागले, बाबा पाण्याचा कॅन शोधायला लागले. आज्जी जागची हलली नाही.

“चहा सांगा तवर,” ती म्हणाली. “हितं तापतेच ती. तात्या नेहमी हितंच घ्यायचे.”